वेळापत्रक आणि वादळ : एका लहान विमानाच्या अपघाताची चौकशी

दिनांक ११ एप्रिल १९९६ रोजी सकाळी ८ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील शायॅन विमानतळावरून एका लहान विमानाने भर पावसात उड्डाण केले. काही क्षणांतच ते विमानतळालगतच्या वस्तीतील एका रस्त्यावर कोसळले. रस्त्यावरील वा घरांतील कोणासही इजा झाली नाही. परंतु विमानातील तिघेही मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक होते प्रशिक्षक वैमानिक. दुसरे होते एका मुलीचे वडील. तिसरी होती ती मुलगी, जेसिका ड्युब्रॉफ. तिला आठवे वर्ष पूर्ण होण्यास जेमतेम महिना उरला होता.

विमान-अपघातांच्या इतिहासात तीन मृत्यूंची घटना एरवी लहानच म्हणावी लागेल. परंतु ही मुलगी विमान चालवून देश ओलांडणार, अशी वार्ता आधीच सर्वत्र पसरलेली असल्यामुळे या अपघाताने सारा देश हादरला. एका विख्यात साप्ताहिकाने मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र छापून तिला कोणी मारले, असा प्रश्न विचारला. सर्वसामान्य माणसाच्या मनातही त्या दिवशी एकच उत्तर होते : सात वर्षांच्या मुलीच्या हाती विमान दिले, म्हणून हे घडले.

पुढे सुमारे वर्षभर रीतसर चौकशी चालली. तिचा निष्कर्ष या समजुतीहून वेगळा होता. अपघातसमयी विमान मुलीच्या हाती नव्हतेच, असे चौकशीत दिसून आले. मग अपघात का झाला? या प्रश्नाचे जे उत्तर मिळाले, त्याचा संबंध केवळ विमानविद्येशी नाही. समारंभ, सहली, उद्घाटने आणि मुदतीत संपवावयाची कामे ज्यांच्याकडे असतात, अशा प्रत्येक कार्यकर्त्याशी, शिक्षकाशी व अधिकाऱ्याशी त्याचा संबंध आहे. म्हणूनच जवळजवळ तीन दशकांनंतरही या चौकशीचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

प्रवासाची आखणी

जेसिका सहा वर्षांची झाल्यापासून विमानोड्डाणाचे धडे घेत होती. अपघातापूर्वी तिचे सुमारे ३३ तासांचे प्रशिक्षण झाले होते. उंची कमी असल्यामुळे तिला आसनावर उशी घेऊन बसावे लागे, आणि पाय पोचावेत म्हणून पायपट्ट्यांना जोड द्यावे लागत. अमेरिकेच्या नियमांनुसार वयाच्या १६ व्या वर्षापूर्वी एकट्याने विमान उडविता येत नाही व १७ व्या वर्षापूर्वी खाजगी वैमानिकाचा परवाना मिळत नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने जेसिका ही प्रवासीच होती. विमानाची व उड्डाणाची संपूर्ण जबाबदारी तिच्या शेजारी बसणाऱ्या प्रशिक्षकावर होती.

पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यातून निघावयाचे, पूर्व किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स राज्यापर्यंत जावयाचे आणि परत यावयाचे, असा सुमारे आठ दिवसांचा हा कार्यक्रम होता. ठिकठिकाणी वार्ताहर भेटणार होते, मुलाखती व्हावयाच्या होत्या. एका दूरचित्रवाणी कंपनीने प्रवासाचे चित्रण करण्यासाठी वडिलांजवळ कॅमेराही दिला होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या प्रसिद्ध ग्रंथाने 'सर्वांत लहान वैमानिक' हा प्रकारच काही वर्षांपूर्वी बंद केला होता. अशा स्पर्धेतून अपघात ओढवतील, ही भीती त्यामागे होती. तेव्हा ज्या विक्रमासाठी ही धावपळ चालली होती, तो त्या ग्रंथात नोंदलाही जाणार नव्हता.

१० एप्रिल रोजी सकाळी समुद्रकाठच्या हाफ मून बे येथून विमान निघाले. नेवाडा राज्यातील एल्को व वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे इंधनासाठी थांबून ते सायंकाळी शायॅनला पोचले. दिवस दगदगीचा गेला होता. वाटेतील एका टप्प्यात मुलगी झोपी गेली होती, आणि एका ठिकाणी जोराच्या वाऱ्यामुळे विमान उतरविताना प्रशिक्षकास साहाय्य करावे लागले होते. शायॅनला पोचल्यावरही मुलाखती झाल्या. दुसऱ्या दिवशीचा बेत त्याहून मोठा होता. नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे पहिला थांबा घेऊन रात्री इंडियाना राज्यातील फोर्ट वेनपर्यंत मजल मारावयाची होती.

अपघातापूर्वीची सकाळ

दुसऱ्या दिवशीचे हवामान चांगले नसणार, याची कल्पना आदल्या रात्रीच आली होती. सकाळी प्रशिक्षकाने हवामान-माहिती केंद्राशी दूरध्वनीवरून बोलणे केले. थंड हवेची लाट येत आहे, मार्गावर विमानावर बर्फ साचण्याचा व हवेत हेलकावे बसण्याचा संभव आहे, असे त्यास सांगण्यात आले. मात्र पूर्वेकडे आकाश त्या मानाने बरे होते. तेव्हा उड्डाण करताच उजवीकडे वळून पूर्वेस निसटावयाचे आणि वादळाला मागे टाकावयाचे, असा त्याने विचार केला. शायॅनच्या नभोवाणी केंद्रावरील एका अधिकाऱ्याने हवा पाहून त्यांना मुक्काम वाढविण्याचा आग्रह केला होता. वादळ येण्यापूर्वीच निघावयाचे आहे, असे सांगून वडिलांनी तो नाकारला.

निघताना ज्या लहानसहान चुका झाल्या, त्या पुढे चौकशीत महत्त्वाच्या ठरल्या. विमानाच्या पुढच्या चाकाला लावलेला ठोकळा काढण्यापूर्वीच इंजिन सुरू करण्यात आले. विमानतळावरील कामगारांनी खुणा केल्यानंतर ते बंद करून ठोकळा काढावा लागला. दृश्यमानता घटल्यामुळे नेहमीच्या, म्हणजे डोळ्यांनी पाहून करावयाच्या उड्डाणास विमानतळ बंद झाल्याचे नियंत्रण मनोऱ्यावरून कळविण्यात आले. अशा वेळी विशेष परवानगी मागता येते. ती मागताना प्रशिक्षकाने प्रथम अशा एका परवानगीचे नाव घेतले की, जी अस्तित्वातच नाही. नियंत्रकाने विचारताच त्याने चूक दुरुस्त केली. यांतील एकही चूक स्वतः अपघात घडविणारी नव्हती. परंतु घाई, थकवा आणि मनावरचा ताण यांची ती चिन्हे होती.

याहूनही स्पष्ट इशारा नंतर मिळाला. थोड्याच वेळापूर्वी दोन इंजिनांच्या एका विमानाने तेथूनच उड्डाण केले होते. जमिनीलगतच्या थरात वाऱ्याचा वेग एकाएकी १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरपर्यंत, कमीअधिक होत असल्याचे त्याच्या वैमानिकाने कळविले. नियंत्रकाने ही माहिती प्रशिक्षकास दिली. त्या वेळी वारा २० नॉटने वाहत होता आणि त्याचे झोत ३० नॉटपर्यंत जात होते. पाऊस सुरू झाला होता.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे : नियंत्रकाने उड्डाण थांबविले का नाही? नियंत्रकाचे काम विमानांना मार्ग मोकळा ठेवणे व माहिती पुरविणे हे होय. त्या हवेत निघावे की नाही, हे ठरविणे हा विमानप्रमुखाचा अधिकार असतो. इशारे सर्व मिळाले होते. निर्णय मात्र एकाच माणसाच्या हाती होता.

पाहणाऱ्यांनी सांगितले ते असे. विमान वर उठले, पण उंची फार मंद गतीने घेऊ लागले. त्याचे नाक वर होते आणि ते डोलत होते. काहीशे फूट उंचीवर ते उजवीकडे वळले आणि मग एकाएकी नाक खाली करून जवळजवळ सरळ खाली आले.

चौकशी कोणी व कशी केली

अमेरिकेत अशा अपघातांची चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ करते. हे मंडळ १९६७ मध्ये स्थापन झाले आणि १९७५ पासून वाहतूक खात्यापासून पूर्णतः अलग करण्यात आले. यामागील तत्त्व साधे आहे. नियम करणारे, परवाने देणारे व विमानतळांवर देखरेख ठेवणारे खाते स्वतःच चौकशी करू लागले, तर त्या खात्याची चूक उघडकीस येणे कठीण. म्हणून मंडळाला नियम करण्याचा वा शिक्षा देण्याचा अधिकार नाही. कारण शोधणे व शिफारशी करणे एवढेच त्याचे काम. मंडळाचा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, अशीही कायद्यात तरतूद आहे. आपले शब्द उद्या आपल्याच विरुद्ध वापरले जातील ही धास्ती नसली, म्हणजे माणसे मोकळेपणाने बोलतात.

हेच तत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवरही मान्य झालेले आहे. १९४४ च्या शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विमानोड्डाण करारास जोडलेले तेरावे परिशिष्ट अपघातांच्या चौकशीसंबंधी आहे. ते प्रथम १९५१ मध्ये स्वीकारण्यात आले. चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असून दोष वा दायित्व निश्चित करणे हा नव्हे, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. भारत या कराराचा सदस्य आहे. आपल्याकडे या कामासाठी २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्यूरो ही स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली.

मोठ्या प्रवासी विमानांत उड्डाणाची माहिती व वैमानिकांचे संभाषण टिपणारी यंत्रे असतात. या लहान विमानात तशी यंत्रे नव्हती. त्यामुळे तपास अधिकाऱ्यांना भग्नावशेष, हवामानाच्या नोंदी, मनोऱ्याशी झालेल्या बोलण्याची ध्वनिफीत, शवचिकित्सेचे निष्कर्ष आणि प्रत्यक्षदर्शींचे कथन, इतक्या साधनांवर भिस्त ठेवावी लागली.

सर्वप्रथम विचार झाला तो यंत्राचा. विमान १९७५ साली बनविलेले, सेसना १७७ बी जातीचे होते. इंजिन अखेरपर्यंत चालू होते व अपघातापूर्वीचा कोणताही यांत्रिक बिघड आढळून आला नाही. याप्रमाणे एक संभाव्य कारण बाजूस पडले.

दुसरा प्रश्न होता, विमान कोणाच्या हाती होते? डावीकडील पुढच्या आसनावर मुलगी, उजवीकडील आसनावर प्रशिक्षक व मागे वडील, अशी बसण्याची रचना होती. नियंत्रणाची साधने दोन्ही बाजूंस होती. मृतदेहांवरील दुखापतींच्या स्वरूपावरून आघाताच्या वेळी विमान प्रशिक्षकच चालवीत असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. जे कारण सर्व देशाने पहिल्याच दिवशी निश्चित करून टाकले होते, ते येथे गळून पडले.

विमानाची गती व आघाताची तऱ्हा यांवरून तिसरी गोष्ट उघड झाली. उंची गाठत असलेले विमान फारसे पुढे न जाता जवळजवळ उभेच खाली येते, याचा अर्थ पंखांनी आधार सोडला. वैमानिकांच्या भाषेत यास 'स्टॉल' म्हणतात.

विरळ हवा आणि जादा भार

मोटारगाडीच्या संदर्भात स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे. विमानाच्या बाबतीत तसे नाही. इंजिन जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते. पंखावरून वाहणाऱ्या हवेमुळे विमानास वर उचलणारे बल मिळते. ते वाढविण्यासाठी वैमानिक नाक थोडे वर उचलतो. पण ठराविक मर्यादेपलीकडे नाक उचलले की पंखाच्या वरच्या पृष्ठभागास धरून वाहणारी हवा त्यापासून सुटते आणि हे बल एकाएकी घटते. वेग जितका कमी, तितके नाक अधिक उचलावे लागते. म्हणूनच प्रत्येक विमानाचा एक किमान वेग असतो. उंचावर असताना स्टॉल झाला तर नाक खाली करून वेग घेता येतो व विमान सावरते. काहीशे फुटांवर तेवढी जागाच नसते.

आता शायॅनची परिस्थिती पाहू. या विमानतळाची समुद्रसपाटीपासून उंची ६,१५६ फूट, म्हणजे सुमारे १,८७६ मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच. यावरून कल्पना यावी की, तेथील धावपट्टी आपल्या सर्वोच्च शिखराहूनही वरच्या पातळीवर आहे. त्यातच त्या दिवशीचा हवेचा दाब व तापमान लक्षात घेता हवेची विरलता ६,६७० फूट उंचीवरील हवेइतकी होती. विमानविद्येत हिला 'घनता-उंची' म्हणतात. समुद्रसपाटीशी तुलना करता अशी हवा सुमारे १८ टक्के विरळ असते. विरळ हवेत इंजिनास प्राणवायू कमी मिळतो आणि शक्ती घटते. पंख्याची ओढ कमी होते. जमीन सोडण्यासाठी अधिक वेगाने धावावे लागते, आणि उंची घेण्याचा वेग बराच मंदावतो. प्रशिक्षकाचा सराव होता तो बहुतांशी समुद्रकाठच्या दाट हवेतला. अशा उंचीवरून उड्डाण करण्याचा त्याचा अनुभव थोडा होता.

दुसरी बाब भाराची. या विमानाचे उड्डाणसमयीचे कमाल अनुज्ञेय वजन २,५०० पौंड होते. तिघांची वजने, सामान व टाकीतील इंधन यांचा हिशेब केल्यावर ते ९६ पौंडांनी, म्हणजे सुमारे ४४ किलोग्रॅमने, जास्त भरले. एवढ्या जादा वजनाने स्टॉलचा वेग केवळ दोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. कोणी म्हणेल, दोन टक्क्यांनी काय होते? परंतु विमान वळताना तिरके होते, तेव्हाही हा वेग वाढतो. उंची कायम राखून ३० अंश तिरके केलेल्या विमानात ही वाढ सात टक्क्यांहून अधिक असते. पंखांवर पाणी असल्यास त्यांची कार्यक्षमता आणखी थोडी कमी होते. याच वेळी वाऱ्याचा झोत एकाएकी ओसरला, तर पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग घटतो. म्हणजे किमान वेगाची रेषा वर सरकत होती आणि विमानाचा प्रत्यक्ष वेग खाली येत होता. मधले अंतर संपले, तेथे अपघात झाला.

आणखी एका भ्रमाचा विचार मंडळाने केला. पाठीमागून वारा असताना जमिनीकडे पाहणाऱ्यास विमान फार वेगाने चालल्यासारखे वाटते. पंखांना मात्र जमिनीचा वेग कळत नाही, हवेचाच कळतो. पावसामुळे क्षितिज अस्पष्ट झालेले असताना उजवीकडे वळणाऱ्या वैमानिकास आपल्यापाशी पुरेसा वेग आहे, असे वाटले असण्याचा संभव आहे.

यांपैकी एकेक कारण घेतले, तर त्या दिवशी विमान कदाचित सुखरूप गेलेही असते. हवा विरळ होती. पण आदल्या दिवशी रॉक स्प्रिंग्जसारख्या उंच ठिकाणाहून ते उठलेच होते. वजन जास्त होते. पण नुसत्या तेवढ्याने ते कोसळले नसते. ही सारी कारणे एका क्षणी एकत्र आली, आणि ती एकत्र आलेली असतानाच निघावयाचे ठरले.

निर्णयाची चौकशी

बहुतेक चौकशा येथे थांबतात. वैमानिकाने वेग राखला नाही, अशी नोंद करून कागद बंद करता आला असता. या मंडळाने मात्र पुढचा प्रश्न विचारला : परवानाधारक, इतरांना शिकविणारा, हवामानाचे सर्व इशारे मिळालेला माणूस अशा हवेत निघालाच का?

मंडळाने १९९७ मध्ये आपला अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. विमानात जादा भार असताना, घनता-उंची सवयीपेक्षा अधिक असताना आणि हवामान बिघडत असताना उड्डाण करण्याचा विमानप्रमुखाचा अयोग्य निर्णय व त्यातून वेग न राखला गेल्याने झालेला स्टॉल, हे अपघाताचे संभाव्य कारण ठरविण्यात आले. त्यास जोडून एक वाक्य आले, आणि या अहवालाचे खरे मोल त्यातच आहे. अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा या निर्णयास साहाय्यभूत झाली आणि ती इच्छा काही अंशी प्रसिद्धीमाध्यमांना दिलेल्या शब्दांमुळे निर्माण झाली होती, असे मंडळाने नमूद केले.

याचा अर्थ असा नव्हे की, वार्ताहरांनी विमान पाडले. प्रशिक्षकास निघा असे कोणीही सांगितले नव्हते. उलट थांबण्याचाच आग्रह झाला होता. दडपण होते ते न बोललेल्या शब्दांचे. पुढच्या गावी कोणीतरी वाट पाहत आहे, आज निघालो नाही तर पुढचे सारे दिवस चुकतील, देशभर जाहीर केलेली गोष्ट मागे कशी घ्यावयाची, असे विचार माणसाच्या मनात आले की, समोरचे ढग त्याला थोडे विरळ दिसू लागतात. वस्तुस्थिती तीच राहते. तिचे वाचन बदलते. त्यात आदल्या दिवसाचा थकवा मिसळला म्हणजे सारासार विचार आणखी दुबळा होतो.

कायदा व शिफारशी

अहवालापूर्वीच, ऑक्टोबर १९९६ मध्ये, अमेरिकेत नवा कायदा झाला. विक्रम करण्याच्या वा उड्डाणातील स्पर्धेच्या हेतूने एखादी परवाना नसलेली व्यक्ती विमान चालवीत आहे हे ठाऊक असूनही तिच्या हाती नियंत्रण देणाऱ्या विमानप्रमुखाचा परवाना रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. लहान मुलांना प्रसिद्धीसाठी धोक्यात घालणाऱ्या प्रकारांना यामुळे पायबंद बसला. हा कायदा आवश्यकच होता, याविषयी दुमत नसावे.

परंतु कायद्याने दूर केले ते त्या प्रवासाचे निमित्त. अपघाताचे मूळ कारण एवढ्याने दूर होण्यासारखे नव्हते. विमानात मूल नसतानाही वेळापत्रकाच्या ओढीने वादळात शिरणारे वैमानिक असतातच. म्हणून मंडळाने आपल्या शिफारशींत वैमानिकांच्या शिक्षणावर भर दिला. वेळापत्रक व प्रसिद्धी यांच्या दडपणाचे धोके तसेच थकव्याचे दुष्परिणाम वैमानिकांना समजावून सांगावेत, असे मंडळाने सुचविले. कायदा हात बांधू शकतो. निर्णय घेणारे मन घडवावयाचे तर शिक्षणच हवे.

आपल्या कामात या धड्याचा उपयोग

आपल्यापैकी फार थोड्यांना विमान चालवावयाचे असते. तथापि वेळापत्रक आणि वादळ यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग मात्र सर्वांवर येतो. पाऊस चढला आहे, ओढ्याला पाणी आहे, पण सहलीची गाडी ठरलेली आहे आणि मुले डबे घेऊन शाळेच्या दारात उभी आहेत. पाहुण्यांची तारीख मिळाली आहे, मंडप मात्र घाईने उभारलेला आहे. नावेत माणसे जास्त झाली आहेत, पण पलीकडे कार्यक्रम सुरू व्हावयाचा आहे. अशा वेळी मुख्याध्यापक, सरपंच वा तालुक्याचा अधिकारी हाच त्या विमानाचा प्रमुख असतो. त्याच्याभोवतीही सल्ला देणारे अनेक असतात आणि निर्णय एकाचाच असतो.

या चौकशीवरून तीन गोष्टी आचरणात आणण्याजोग्या आहेत.

पहिली, थांबण्याची मर्यादा आधी ठरवावी. पुलावर पाणी किती चढले म्हणजे गाडी न्यावयाची नाही, नावेत किती माणसे घ्यावयाची, हे निवांतपणी ठरवून लिहून ठेवावे. दारात गर्दी जमल्यावर मर्यादा ठरवू लागलो, तर ती गर्दीच्या सोयीने ठरते.

दुसरी, कार्यक्रमाच्या आखणीतच उशिराला जागा ठेवावी. शायॅनमध्ये जो दिवस गमवावा लागला असता, तो गमावण्याची सोय आठ दिवसांच्या त्या आखणीत नव्हती. ज्या वेळापत्रकात एकही मोकळा दिवस नाही, ते वेळापत्रक पाळणाऱ्यास धोका पत्करणे भाग पाडते. कार्यक्रम रद्द वा तहकूब करणाऱ्यास वरिष्ठांनी जाब विचारण्याऐवजी त्याच्या पाठीशी उभे राहणे, हाही या आखणीचाच भाग होय.

तिसरी गोष्ट चौकशीसंबंधी. गावात भिंत पडली, नाव उलटली, शाळेत अन्नातून बाधा झाली म्हणजे पहिल्या तासाभरात एक कारण व एक अपराधी सर्वांच्या तोंडी होतो. कदाचित तो खराही असेल. परंतु जेसिकाच्या बाबतीत सर्वांच्या तोंडी असलेले कारण खोटे निघाले. यंत्र, माणूस, भार, हवामान व निर्णय हे सर्व क्रमाने तपासले गेले म्हणूनच खरे कारण हाती आले. अपराध्यास शिक्षा करणारी न्यायालये आहेत व ती असावीत. त्यांचे काम वेगळे आणि पुन्हा असे घडू नये म्हणून केलेली चौकशी वेगळी. दोन्हींची गल्लत झाली की माणसे तोंड मिटतात, आणि सत्याबरोबर पुढील अपघात टाळण्याची संधीही निघून जाते.

त्या सकाळी उड्डाण तहकूब झाले असते, तर काय झाले असते? लिंकनचा थांबा लांबला असता, फोर्ट वेनचा मुक्काम चुकला असता, काही मुलाखती दुसऱ्या दिवशी झाल्या असत्या. देशातील वृत्तपत्रांनी कदाचित दोन ओळींत त्याची नोंद घेतली असती आणि आज ते कोणाच्या स्मरणातही नसते. थांबण्याचे मोल इतकेच होते. आपल्या कामात जेव्हा जेव्हा निघावे की थांबावे, असा प्रश्न उभा राहील, तेव्हा थांबल्याने नेमके काय हुकणार आहे, हे एकदा कागदावर लिहून पाहावे. बहुधा ते दोन ओळींपलीकडे जात नाही, असेच आढळून येईल.